ग्राम आणि गाव : वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाला ग्रामनामांची साक्ष

वर्धा जिल्ह्याची ख्याती मुख्यतः दोन गोष्टींवर उभी आहे. एक कापूस आणि दुसरी सेवाग्राम. पहिलीने या भूभागाचे नाव जगाच्या बाजारपेठेत नेले आणि दुसरीने ते देशाच्या राजकीय इतिहासात कायमचे नोंदविले. या दोन्ही गोष्टींविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि या लेखनात जिल्ह्यातील गावे ही बहुधा कशाची तरी पार्श्वभूमी म्हणून येतात. कापसाच्या इतिहासात ती मालाच्या पुरवठ्याची ठिकाणे असतात आणि आश्रमाच्या इतिहासात ती सेवेचे क्षेत्र असतात. गावकऱ्यांचा स्वतःचा इतिहास सांगणारी कागदपत्रे थोडी आहेत. अशा स्थितीत जे एक साधन प्रत्येक गावापाशी हटकून असते त्याचा विचार करणे आवश्यक ठरते. ते साधन म्हणजे गावाचे नाव, आणि त्या नावाचा उच्चार करणारी बोली.

या साधनाचे महत्त्व दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. पाचव्या शतकातील एका ताम्रपटात ‘मण्डुकिग्राम’ असे ज्याचे नाव आढळते, ते गाव आज मांडगाव म्हणून ओळखले जाते. येथे ‘ग्राम’चे ‘गाव’ होण्यास कित्येक शतके लागली आणि तो बदल कोणाच्याही आज्ञेवाचून, केवळ बोलणाऱ्यांच्या तोंडून घडला. उलट १९४० साली सेगावचे ‘सेवाग्राम’ झाले. येथे ‘गाव’चे पुन्हा ‘ग्राम’ झाले आणि त्यास एक अधिकृत निर्णय पुरेसा ठरला. वर्धा जिल्ह्याचा इतिहास या दोन प्रक्रियांच्या दरम्यान घडलेला आहे. एकीकडे लोकांच्या मुखी हळूहळू झिजत आलेली नावे आणि दुसरीकडे राज्यकर्त्यांनी, व्यापाराने वा लोकसेवेच्या संस्थांनी दिलेली नावे, असे हे दोन थर आहेत. ते वेगळे करून पाहिल्यास जिल्ह्याच्या घडणीचा क्रम बराच उलगडतो.

भूमी आणि नद्या

वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. पूर्वी वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या. आज वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा असे आठ तालुके आहेत. जिल्ह्याची पश्चिम सीमा ही जवळजवळ संपूर्णपणे वर्धा नदीने आखलेली आहे. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी एका बाजूस अमरावती व यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूस वर्धा जिल्हा ठेवीत दक्षिणेकडे वाहते आणि पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता या नावाने गोदावरीत जाते. यशोदा, धाम, बोर आणि वेणा या जिल्ह्याच्या अंतर्भागातील प्रमुख नद्या होत.

उत्तरेकडील आर्वी, आष्टी व कारंजा हा भाग डोंगराळ व कुरणांचा आहे. गवळाऊ या नावाने प्रसिद्ध असलेली, पांढऱ्या रंगाची आणि चपळ चालीची गुरांची जात याच भागातील गवळ्यांनी जोपासली. दक्षिणेस हिंगणघाट व समुद्रपूर यांच्याकडे जमीन सपाट होत जाते आणि काळ्या मातीचा थर जाड होतो. जुन्या जमाबंदीच्या कागदांत जमिनीचे काळी, मोरंड, खरडी आणि बरडी असे प्रकार दिले आहेत. हे शब्द कुणब्यांच्या नित्य व्यवहारातले. सरकारी प्रतवारीने ते बोलीतून उचलले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे पाहावयाच्या बहुतेक उदाहरणांत शब्दांचा प्रवास याच्या उलट दिशेने झालेला आढळतो.

भूमीचे हे स्वरूप ग्रामनामांतही उमटले आहे. सिंदी, हिंगणी, हिंगणघाट, वडनेर, चिंचोली या नावांत अनुक्रमे शिंदी, हिंगण, वड आणि चिंच ही झाडे उभी आहेत. ‘घाट’ हा शब्द नदी उतरण्याची जागा दाखवितो, आणि हिंगणघाट हे वेणेच्या काठीच वसलेले आहे. ‘वडनेर’मधील ‘नेर’ हा ‘नगर’ शब्दाचा झिजलेला अवशेष मानल्यास मूळ नाव ‘वटनगर’ असे काही असावे. अशी नावे देणाऱ्या लोकांना गावाची खूण म्हणून झाड किंवा नदीचा उतार पुरेसा वाटत होता. राजाचे किंवा अधिकाऱ्याचे नाव त्यांना लागले नाही.

ताम्रपटांतील गावे

या भागातील गावांचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख वाकाटकांच्या ताम्रपटांत सापडतो. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट जिल्ह्यातील जांब येथे मिळाला. त्यात कोथुरक नावाचे गाव दान दिल्याचा उल्लेख असून त्या गावाच्या सीमा सांगताना उमा नदी, चिंचापल्ली, बोंथिकवाटक आणि मण्डुकिग्राम ही नावे आली आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी उमा म्हणजे आजची वेणा, मण्डुकिग्राम म्हणजे मांडगाव आणि चिंचापल्ली म्हणजे चिंचोली अशी स्थाननिश्चिती केली. दान दिलेल्या गावाहून त्याच्या शेजाऱ्यांची नावेच येथे अधिक उपयोगी पडली, हे विशेष होय.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने यांतील ‘चिंचापल्ली’ हे नाव फार बोलके आहे. लेखाची भाषा संस्कृत आहे. परंतु गावाचे नाव लोकांच्या भाषेतून जसेच्या तसे उचललेले दिसते. ‘पल्ली’ हा वस्तीवाचक शब्द द्राविड भाषांत सर्वत्र रूढ आहे. ‘चिंचापल्ली’चे ‘चिंचावली’ आणि त्यापासून ‘चिंचोली’ असा क्रम मराठीच्या ध्वनिनियमांशी पूर्ण सुसंगत आहे, कारण स्वरमध्यस्थ ‘प’चा ‘व’ होणे आणि ‘अव’चा ‘ओ’ होणे या दोन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत. अर्थात पाचव्या शतकातही या प्रदेशात आर्य आणि द्राविड भाषांचा शेजार जुना झालेला होता, असे अनुमान यावरून काढता येते. आजही जिल्ह्यात गोंड आणि कोलाम या जमातींची वस्ती आहे, आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषा द्राविड कुळातील आहेत.

पवनारचे उदाहरण मात्र सावधगिरी शिकविणारे आहे. धाम नदीच्या काठी वसलेले हे गाव म्हणजेच प्रवरसेनाने वसविलेले प्रवरपूर, असे मत मिराशींनी मांडले. येथे रामकथेतील प्रसंगांची मानली गेलेली शिल्पे मिळाली आहेत, आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खननही केले. ‘प्रवरपुर’चे ‘पवरउर’ होणे स्वाभाविक आहे. पुढे दोन ‘र’कार जवळ आल्यामुळे पहिल्याचा ‘न’ झाला, म्हणजेच विषमीभवन घडले, असे मानल्यास ‘पवनार’ हे रूप सिद्ध होते. परंतु ध्वनिनियम एखादी व्युत्पत्ती शक्य आहे एवढेच सांगतो. ती घडली असे सांगत नाही. नागपूर जिल्ह्यातील मनसर येथे १९९८ नंतर झालेल्या उत्खननांतून तेच प्रवरपूर असावे असे दुसरे मत पुढे आले आहे. तेव्हा नावाच्या साक्षीला भूमीतील पुराव्याची जोड मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवणे हेच योग्य. तथापि ज्याच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे काव्य परंपरेने मोडते, त्या राजाच्या राज्यातील गावांची नावे आजच्या मराठीत ओळखू येतात, ही गोष्ट या वादाने उणावत नाही.

नदी, सीमा आणि बोली

वर्धा नदीचे प्राचीन नाव वरदा. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदर्भाचे राज्य दोघा चुलतभावांत वाटून दिले जाते आणि वरदा नदी ही त्या दोन भागांमधील सीमा ठरते. ‘वरदा’चे ‘वर्धा’ होताना ‘द’चा ‘ध’ का झाला, याचे उत्तर सामान्य ध्वनिनियमांत मिळत नाही. ‘वृध्’ म्हणजे वाढणे या धातूशी लोकांनी नावाचा संबंध जोडला असावा, असा तर्क करता येतो. पावसाळ्यात फुगणाऱ्या नदीस ते नाव शोभलेही असेल.

नाटकातील ही सीमा पुढे इतिहासात खरोखरच उतरली. अठराव्या शतकाच्या मध्यास देवगडच्या गोंड राज्याची जागा नागपूरकर भोसल्यांनी घेतली आणि त्यांचा अंमल नदीच्या दोन्ही तीरांवर चालू लागला. १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या देवगावच्या तहान्वये दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. तेथून शतकभर पूर्वतीर आणि पश्चिमतीर यांचे भाग्य वेगळे झाले. पूर्वेकडील नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन १८६१ साली मध्यप्रांतात आले. पश्चिमेकडील वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले, तरी त्यावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम राहिले. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले. पुढे १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात दोन्ही तीर एकत्र आले.

या विभागणीचा परिणाम कायद्याच्या भाषेवर झाला. पूर्वतीरावर इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमाबंदीत मालगुजारी पद्धत पक्की केली आणि तिच्याबरोबर मालगुजार, सीर, खुदकास्त, वाजिब-उल-अर्ज असे उत्तर हिंदुस्थानातील फारसी-हिंदी वळणाचे शब्द गावागावांत शिरले. पश्चिमतीरावर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धत आली. तेथील शेतकरी सरकारी दप्तरात थेट खातेदार म्हणून नोंदला गेला. म्हणजे एकाच जातीचे, एकाच प्रकारच्या काळ्या जमिनीत एकच पीक घेणारे दोन कुणबी, केवळ मध्ये नदी असल्यामुळे, कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या प्रकारची माणसे झाले. एकाच्या आणि सरकारच्या मध्ये मालगुजार उभा होता, दुसऱ्याच्या नव्हता. मालगुजारी नष्ट करणारा कायदा अमलात आला तो १९५१ साली.

बोलीने मात्र ही सीमा मानली नाही. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी अशी दोन नावे आली असली, तरी त्या दोहोंतील निकटचे साम्यही तेथे नोंदलेले आहे. ‘मला, तुला’ याऐवजी ‘मले, तुले’. ‘पाणी’ याऐवजी ‘पानी’. ‘डोळा, काळा’ याऐवजी ‘डोया, काया’. ‘विहीर’ याऐवजी ‘इहीर’ ही रूपे दोन्ही तीरांवर ऐकू येतात. ‘तो जाऊन राहिला’ या वाक्याचा अर्थ येथे ‘तो जात आहे’ असा होतो, आणि या रचनेत हिंदीच्या दीर्घ सान्निध्याचा परिणाम दिसतो. शेतीच्या शब्दांतही तीच एकता आहे. वावर, धुरा, पांदण, पऱ्हाटी, डवरणी, सालदार हे शब्द नदीच्या अलीकडे व पलीकडे सारखेच आहेत. ‘वऱ्हाड’ हे नावच ‘वरदातट’ या शब्दापासून आले असावे, असे एक मत आहे. ते ग्राह्य धरले तर नदीचा काठ हाच या संपूर्ण लोकसमूहाच्या नावाचा आधार ठरतो. पश्चिमतीरावर रुक्मिणीचे माहेर मानले गेलेले कौंडिण्यपूर आणि त्यासमोर पूर्वतीरावरील देऊरवाडा ही दोन क्षेत्रे आजही एकाच कथेने बांधलेली आहेत. सीमा दप्तराने आखली. लोकांनी नदी ही उतरण्याची जागा मानली.

लोकांच्या एकत्र राहण्याची साक्ष श्रद्धास्थानेही देतात. आर्वीचे नाव ज्यांच्याशी जोडले जाते त्या तेलंगराव या साधुपुरुषास हिंदू व मुसलमान दोघेही आपले मानीत आले. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथील शेख फरीद यांच्या दर्ग्यासही दोन्ही समाजांतील लोक जातात.

रेल्वे, कापूस आणि नवी नावे

१८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या लहान गावाच्या जागी नवे शहर आखून ठाणे तेथे हलविण्यात आले. या शहराला नाव दिले गेले ते नदीचे, जी शहरापासून बरीच दूर पश्चिमेस वाहते. म्हणजे ‘वर्धा’ हे नाव त्या जागेवर उगवलेले नव्हे. ते जिल्ह्यावरून शहरावर आले, आणि पालकवाडी नावापुरतीही उरली नाही.

यानंतर लगेच, १८६७ साली, भुसावळहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडातील गिरण्यांना कापसाची टंचाई भासली होती आणि हिंगणघाटचा कापूस उत्तम प्रतीचा म्हणून आधीच प्रसिद्ध होता. लोहमार्ग आणि ही मागणी यांच्या संयोगाने जिल्ह्याची घडण बदलली. हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या निघाल्या, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले, आणि राजस्थानातून आलेल्या व्यापारी कुळांकडे बाजारपेठेबरोबर अनेक गावांची मालगुजारीही गेली. ‘पुलगाव’ हे नाव या कालखंडाचे प्रतीक म्हणता येईल. जुनी गावे झाडाच्या किंवा उताराच्या नावाने ओळखली जात. येथे नदीवरील पूल हीच खूण आहे. ‘हिंगणघाट’ आणि ‘पुलगाव’ ही दोन्ही नावे नदी ओलांडण्याविषयीच बोलतात; परंतु पहिल्यात पायी उतरणारा वाटसरू आहे आणि दुसऱ्यात आगगाडी.

कापसाने जिल्ह्यास संपत्ती दिली तशी परावलंबिताही दिली. पिकाचा भाव गावाबाहेर ठरू लागला आणि कर्जाचे व्याज गावात वाढू लागले. ही स्थिती मालगुजारीबरोबर संपली नाही. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा हा एक होता.

सेगाव ते सेवाग्राम

वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेगाव हे गाव अशाच मालगुजारीतील एक होते. त्याचे मालगुजार जमनालाल बजाज. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी तेथे आले, तेव्हा गावाची वस्ती सहाशेच्या आसपास होती आणि तीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांचा भाग मोठा होता. मीराबेन तेथे आधीपासून राहत होत्या. गांधीजींच्या वास्तव्यासाठीची घरे माती, बांबू व कवेलू अशा त्याच परिसरातील साहित्याने उभारण्यात आली.

देशाचा पत्रव्यवहार या लहान गावाकडे वळताच एक अडचण उत्पन्न झाली. याच लोहमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे. रोमन लिपीत दोन्ही नावांत एका अक्षराचाच फरक; त्यामुळे टपाल चुकीच्या गावी जाऊ लागले. यावर उपाय म्हणून १९४० साली सेगावचे नाव सेवाग्राम करण्यात आले. बदलाचे निमित्त टपालाचे होते, पण निवडलेला शब्द एका विचाराचा होता. ‘से’ या अर्थ हरवलेल्या अक्षराला ‘सेवा’ हा अर्थ मिळाला आणि तद्भव ‘गाव’ची जागा तत्सम ‘ग्राम’ने घेतली. हा शब्द मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा सर्व भाषिकांना सारखाच समजणारा होता. स्थानिक नावाचे राष्ट्रीय नाव झाले ते असे. पुढे हे नाव मूळ गावाबाहेरही गेले. ‘वर्धा पूर्व’ या रेल्वे स्थानकासही सेवाग्राम हेच नाव देण्यात आले.

भाषेचा हा दुहेरी व्यवहार वर्धा परिसरातील संस्थांतही दिसतो. १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती येथे स्थापन झाली आणि १९९७ साली हिंदीचे आंतरराष्ट्रीय विद्यापीठही येथेच आले. उलट ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेने जी पायाभूत शिक्षणाची योजना मांडली, तिचे एक प्रमुख तत्त्व मातृभाषेतून शिक्षण हे होते. सेवाग्रामच्या मुलाच्या बाबतीत मातृभाषा म्हणजे ‘मले’ आणि ‘डोया’ म्हणणारी बोली. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी तिच्यापासून काही अंतरावर होती, हा प्रश्न त्या योजनेने उघडला आणि तो अद्याप पूर्ण सुटलेला नाही.

नामकरणाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न गावांपुरताच मर्यादित राहिला नाही. गांधीजींनी रूढ केलेला ‘हरिजन’ हा शब्द सहानुभूतीने दिलेला असला तरी तो दुसऱ्यांनी दिलेला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. त्यानंतर वर्धा जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांनी ‘बौद्ध’ हे नाव स्वतः स्वीकारले. जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासात लोकांनी स्वतःच स्वतःस नाव दिल्याचे याहून ठळक उदाहरण नाही.

अभ्यासाची दिशा

या विवेचनावरून असे दिसते की, वर्धा जिल्ह्यातील नावांचे तीन थर आहेत. पहिला झाडे, नद्या व वस्त्या यांवरून पडलेल्या आणि बोलीत झिजलेल्या नावांचा. दुसरा राज्यव्यवस्था, लोहमार्ग व व्यापार यांनी आणलेल्या नावांचा. आणि तिसरा विचारपूर्वक दिलेल्या किंवा स्वीकारलेल्या नावांचा. दुसऱ्या व तिसऱ्या थरांची नोंद कागदोपत्री आहे. पहिल्या थराची नोंद बव्हंशी लोकांच्या स्मरणातच आहे.

या स्मरणाचा एक मोठा भाग ‘रिठ’ या शब्दात साठलेला आहे. जी गावे कधीकाळी उजाड झाली, त्यांची नावे महसुली दप्तरात रिठ म्हणून टिकून राहिली. तेथे घर नाही, माणूस नाही. केवळ शेताच्या सीमेला चिकटलेले एक नाव आहे. कोथुरकासारखी गावे कोठे गेली याचा शोध अशाच नावांत घ्यावा लागेल. तीच गोष्ट पांदणींच्या, नाल्यांच्या आणि वावरांच्या नावांची. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वृद्धांना ती मुखोद्गत असतात. त्यांच्या नातवंडांना सर्व्हे क्रमांक ठाऊक असतो, नाव नसते.

पदव्युत्तर अभ्यासकांनी आपापल्या गावाच्या शिवारातील अशी नावे, त्यांच्या बोलीतील उच्चारासह आणि दप्तरातील लेखनासह, तालुकावार टिपून ठेवल्यास एक भक्कम साधन सिद्ध होईल. उच्चार व लेखन यांतील तफावत दुरुस्त करण्याचा मोह मात्र टाळावा. कारण इतिहास बहुधा त्या तफावतीतच असतो. दप्तराने ‘चिंचापल्ली’ हेच रूप शुद्ध म्हणून धरून ठेवले असते, तर ‘चिंचोली’ म्हणणाऱ्या पिढ्यांचा पत्ता आज कोणास लागला नसता.